त्याच्या तुलनेत

वहीत: पॅसेज ५. खरा: पॅसेज २२.

दर तिसऱ्या दिवशी सकाळी ऋतुजा मगदूम नवऱ्याला जेवू घालत असे. नवरा जाऊन अडीच वर्षं झाली होती.

जेवण म्हणजे गुलाबी पाणी. साखर, क्षार, थोडी प्रथिनं. चपट्या प्लास्टिकच्या बाटलीतलं जुनं पाणी पिवळट पडलं की ते ओढून घ्यायचं आणि नवं सोडायचं. बाटलीच्या तळाला चिकटून अभिनंदन मगदूमच्या कातडीतल्या पेशी जगत होत्या, मिरजेच्या जनुकमापन केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर, सदतीस अंशांच्या कपाटात. कागदोपत्री त्यांचं नाव होतं ‘मानक एक’. ऋतुजा त्यांना कुठल्याच नावाने हाक मारत नसे. हाक मारावी इतकं वेड तिला लागलेलं नव्हतं, आणि मारू नये इतकं शहाणपणही नव्हतं.

केंद्र सुरू झालं तेव्हा निरोगी माणसाच्या जिवंत पेशी हव्या होत्या. प्रयोगशाळांमध्ये जुनी रीत आहे: निरोगी नमुना लागला की कुणी बाहेर शोधत बसत नाही, जो हाताशी मोकळा असेल तो बाही वर करतो. सहा जणांनी बाह्या वर केल्या. दंडाच्या आतल्या बाजूची डाळीएवढी कातडी प्रत्येकाने दिली, आणि मोजणीत अभिनंदन बरोबर मधोमध आला. ना जास्त, ना कमी. त्या दिवशी त्याने घरी येऊन जाहीर केलं, “आई, दहावीत मी मधला, उंचीत मधला, आता आतूनही मधलाच निघालो.” केंद्रात त्याला सगळे ‘सरासरी साहेब’ म्हणू लागले. पुढे अंकलीच्या पुलाजवळ, एका मंगळवारी सकाळी, त्याच्या मोटरसायकलला वाळूच्या डंपरने उडवलं. त्यानंतर ते नाव कुणी काढलं नाही.

त्याने स्वतःच्या पेशी स्वतःच सोळा कुप्यांत भरून गोठवल्या होत्या. द्रव नायट्रोजनच्या टाकीत, उणे एकशे शहाण्णवला. प्रत्येक कुपीवर त्याचं डावीकडे झुकणारं अक्षर: अ. म., पॅ. ३.

पॅसेज म्हणजे वाटणी. बाटली भरली की पेशी सोडवून घ्यायच्या आणि त्यांतल्या थोड्या नव्या बाटलीत घालायच्या. दर शुक्रवारी एक वाटणी, म्हणजे एक पॅसेज. नियम असा की विसावा पॅसेज झाला की ती बाटली फेकायची, नवी कुपी उघडायची आणि पुन्हा चारपासून मोजायला लागायचं. साडेचार वर्षांत चौदा कुप्या अशा संपल्या. पंधरावीची वेळ आली तेव्हा ऋतुजाने ते घरी बोलून दाखवलं.

घरी सासू, कुसुमावती. सांगलीकडच्या रीतीप्रमाणे ऋतुजा त्यांना आत्या म्हणे. पाणी गाळून पिणाऱ्या, दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या, पायाखाली मुंगी आली तर दिवसभर हळहळणाऱ्या जैन बाई. संध्याकाळी सून घरी आली की त्या आधी विचारत, कसा आहे? आणि ऋतुजा सांगे, भरत आलाय, शुक्रवारी वाटणी करावी लागेल. हे बोलणं दुसऱ्या कुणासमोर कधी होत नसे.

आत्यांनी नियम ऐकून घेतला. मग म्हणाल्या, “जीव असलेली बाटली फेकायची?”

“नियम आहे, आत्या.”

“आणि गोठवलेल्या किती उरल्यात?”

“दोन.”

“तेवढ्या तरी ठेव गं शिल्लक.”

दुसऱ्या दिवशी ऋतुजाने विसावी बाटली फेकली नाही. तिच्यातल्याच पेशी पुढे वाढवल्या आणि वहीत लिहिलं: नवी कुपी उघडली, पॅसेज ४. तिने स्वतःची समजूत घातली की पेशी चांगल्या आहेत, थकल्या की उघडू. माणसाच्या पेशी कधीतरी थकतातच. पन्नासेक वाटण्यांच्या आसपास त्या रुंद, चपट्या होतात आणि वाढायच्या थांबतात.


इथे थोडं वाटीबद्दल

शरीराच्या प्रत्येक पेशीत एक जनुक राखणदारासारखं बसलेलं असतं. शास्त्रीय भाषेत अर्बुदरोधक जनुक, म्हणजे गाठ होऊ न देणारं. पेशीत काही बिघडलं की ते वाढ थांबवतं, आणि बिघाड फारच झाला तर पेशीला मरायला लावतं. ते कामावर असलं की बारीक बारीक चिठ्ठ्या सोडतं. या चिठ्ठ्या मोजल्या की राखणदार जागा आहे की पेंगतोय ते कळतं. यालाच जनुकाची अभिव्यक्ती मोजणं म्हणतात. गाठ हाताला लागण्याच्या दोन-तीन वर्षं आधी चिठ्ठ्या कमी होतात. म्हणून पस्तिशीच्या पुढच्या प्रत्येक बाईने वर्षातून एकदा केंद्रात यायचं, बारीक सुईने छातीतल्या थोड्या पेशी द्यायच्या, असं सुरू झालं होतं.

पण चिठ्ठ्या नुसत्या मोजून भागत नाही. यंत्राची रसायनं रोज थोडी वेगळी वागतात, आज शंभर दाखवतील तर उद्या सत्तर. म्हणून त्याच दिवशी, त्याच यंत्रात, एका निरोगी माणसाच्या पेशीही मोजायच्या आणि तुलना करायची. चिठ्ठ्या फार नाजूक असतात, पेशीबाहेर काढून साठवता येत नाहीत, म्हणून हा निरोगी माणूस जिवंत लागतो. निदान त्याच्या पेशी तरी.

तर अभिनंदन म्हणजे वाटी. त्याच्या चिठ्ठ्या म्हणजे एक. तुमच्या तेवढ्याच असल्या तर तुमचा आकडा १.०. निम्म्या असल्या तर ०.५. ०.६ च्या खाली गेलात तर पुढची तपासणी. पाच जिल्ह्यांतल्या बायका तांदूळ मोजावेत तशा त्या एका माणसाने मोजल्या जात होत्या, आणि त्यांतल्या एकीलाही तो कोण हे माहीत नव्हतं.

आता वाटी आतून झिजून लहान झाली तर काय होईल? तांदूळ तेवढेच, पण मोजताना वाट्या जास्त भरतील. भांड्यात भरपूर आहे असं वाटेल.


वहीत: पॅसेज ५. खरा: पॅसेज ३९.

हो, पुन्हा पाच. मध्ये आणखी एकदा विसाचा आकडा आला होता आणि ऋतुजाने आणखी एकदा खोटं लिहिलं होतं. टाकीच्या तळाशी आता दोन कुप्या होत्या, ज्या कागदावर नव्हत्या.

त्या आठवड्यात आत्यांची वार्षिक तपासणी झाली. अडुसष्ट वर्षं वय, धाकट्या बहिणीला छातीची गाठ होऊन गेलेली, तेव्हा काळजी होतीच. अहवाल ऋतुजानेच आणून हातात दिला. ०.९७.

आत्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला. हे शून्य पूर्णांक कुणाच्या तुलनेत, असं विचारलं. ऋतुजाने सांगितलं.

“म्हणजे माझ्या पोटच्या पोराशी माझी तुलना?” आत्या हसायला लागल्या. “आणि तीन शतांशानं तो पुढे? असू दे. लहानपणी रोज दूध कुणी प्यायलं?”

अहवाल त्यांनी देवघरातल्या फडताळात ठेवला, अभिनंदनच्या दहावीच्या गुणपत्रिकेशेजारी.


वहीत: पॅसेज १२. खरा: पॅसेज ४६.

तो थकत नव्हता.

चाळिशी ओलांडल्यावर पेशी मंदावायला हव्या होत्या. ऋतुजा रोज सूक्ष्मदर्शकात त्याच भीतीने डोकावे. पण पेशी उलट टवटवीत दिसत. लहान, चमकदार, भराभर वाढणाऱ्या. शुक्रवारपर्यंत थांबायची गरज पडेना, बाटली बुधवारीच भरू लागली. तिला इतका आनंद झाला की विश्रामबागच्या स्टॉपवर ती एकटीच हसत उभी राहिली. घरी सांगितलं, तो थांबायलाच तयार नाही. आत्या म्हणाल्या, लहानपणीही असाच, खेळायला गेला की घरी यायचं नाव नाही.

त्या दिवसांत तिला त्याच्या बारीक बारीक गोष्टी आठवत. हातमोजे काढताना तो आधी डाव्या हाताचा काढी. चहाचा कप कधीच पूर्ण संपवत नसे, तळाशी एक घोट ठेवी, आणि तो घोट तिने प्यावा असा अलिखित नियम होता. लग्नाच्या तीन वर्षांत त्यांनी मूल पुढे ढकललं होतं, कारण घाई काय आहे. आता ती बाटली उजेडात धरी आणि तळावरचा तो पुसट, दुधाळ थर पाही. त्या थरात त्याचे हात नव्हते, आवाज नव्हता. पण तो थर उबदार होता आणि वाढत होता. तेवढ्यावर तिचा आठवडा निघे.

सोमवारी सकाळी तिला दिसलं की पेशी एकमेकींवर चढल्या आहेत.

निरोगी पेशी शेजारणीला टेकली की थांबते. तो तिचा स्वभाव आहे. या थांबत नव्हत्या. ढीग करून बसल्या होत्या, गर्दीत चेंगराचेंगरी व्हावी तशा. हे चित्र ऋतुजाने रोज पाहिलेलं होतं, फक्त दुसऱ्या नमुन्यांमध्ये. गाठीच्या.

ती स्टुलावर बसली. मग उठून दार आतून लावून घेतलं, आणि पुन्हा बसली.

माणसाच्या पेशींत असं क्वचितच घडतं. पण त्यांना थांबूच दिलं नाही, वाटणीमागून वाटणी करत राहिलं, तर ज्यांचा राखणदार जागा असतो त्या वेळ झाली की थांबतात आणि मागे पडतात. ज्यांचा राखणदार झोपलेला, त्या पुढे जातात. दर शुक्रवारी ती जिवंत म्हणून ज्या उचलत होती, त्या नेमक्या याच होत्या. सहा महिने तिने प्रेमाने निवडून निवडून त्या वाढवल्या होत्या.

वाटी किती झिजली होती, हे मूळ वाटीशी ताडल्याशिवाय कळणार नव्हतं.


वहीत: नोंद नाही. खरा: पॅसेज ४.

टाकीतून कुपी काढली तेव्हा तिच्यावर बर्फाचा पांढरा थर होता. ऋतुजाने अंगठ्याने तो पुसला. अ. म., पॅ. ३. बॉलपेनची शाई जरा पसरलेली. कुपी कोमट पाण्यात धरली की दीड मिनिटात वितळते. ती दीड मिनिटं तिने कुपी इतकी घट्ट धरली की बोट बधिर झालं.

यंत्राची सर्व्हिसिंग चालू आहे असं सांगून तिने सहा दिवस अहवाल अडवून धरले. सातव्या दिवशी जुनी बाटली एखाद्या अनोळखी बाईचा नमुना असावा तशी यंत्रात लावली आणि नव्या कुपीतल्या पेशींशी तुलना केली.

०.४१.

मग तिने आत्यांचा साठवलेला नमुना काढला. छातीतून घेतलेल्या प्रत्येक नमुन्यातल्या काही पेशी केंद्र तीन वर्षं जिवंत गोठवून ठेवत असे.

०.४४.


दुपारी तीन वाजता ती घरी पोहोचली. आत्या मागच्या दारी मटकी निवडत बसल्या होत्या. ऋतुजा शेजारी बसली आणि सगळं सांगितलं: वही, कुप्या, ढीग झालेल्या पेशी, तुमचा आकडा खोटा होता. सांगताना ती मटकीतले खडे बाजूला काढत राहिली, कारण हातांना काहीतरी हवं होतं.

आत्यांनी सूप खाली ठेवलं. “किती बायकांचं चुकलं?”

“तेवीसशे सोळा.”

“आणि हे तू पहिल्यांदा मला सांगायला आलीस?”

“हो.”

“मग चुकलीस. आधी डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतंस.” त्या भिंतीला हात टेकवत उठल्या. “चल, मी चप्पल घालते. ठेव शिल्लक असं म्हणणारी मी होते, तेव्हा मलाही यायला हवं.”

ऋतुजा म्हणाली, मी एकटी जाते. रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं की स्वतःच्या आकड्याबद्दल आत्यांनी एक अक्षर विचारलं नव्हतं.

केंद्रप्रमुख डॉ. नसीमा मुजावर यांनी वही पानन् पान चाळली. अभिनंदनच्या दंडातून कातडी त्यांनीच काढली होती. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच ऋतुजाला सोसवेना. या प्रकरणाची चौकशी होईल, नोकरीही जाऊ शकते, हे त्यांनी सरळ सांगितलं. मग कामाचं बोलल्या. सगळे नमुने नव्याने मोजायचे. कृत्रिम मानक, म्हणजे माणूस न लागणारी वाटी, दीड महिन्यात यायची होती. तोवर थांबायला वेळ नव्हता. एका कुपीतून वाढवलेल्या पेशींवर सगळी मोजणी व्हायला दहा आठवडे लागले असते.

“आणि दोन असत्या तर?” त्यांनी विचारलं.

दुसऱ्या कुपीची नोंद कुठेच नव्हती. ती वितळवताना वाया गेली म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं. ऋतुजाने टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिलं. टाकीच्या तळाशी, उणे एकशे शहाण्णवला, त्याच्या अक्षरातली शेवटची दोन अक्षरं होती. तिथे ती तिच्या आयुष्यभर पुरली असती. शंभर वर्षंही राहिली असती.

“दोन आहेत,” ती म्हणाली. “पाच आठवडे लागतील.”


पत्राचे मसुदे

पहिला: काही तांत्रिक कारणांमुळे आपल्या अहवालाची पुनर्तपासणी करण्यात येत असून... (डॉ. मुजावरांनी ‘तांत्रिक’ शब्दावर काट मारली.)

दुसरा: माझे पती कै. अभिनंदन यांच्या पेशी मी नियमापेक्षा जास्त काळ... (ऋतुजाने स्वतःच फाडला. त्या बायकांनी तिची कीव का करावी?)

तिसरा, पाठवलेला: आपल्याला आपला आकडा चांगला आहे असे आम्ही कळवले होते. ते चूक असू शकते. चूक आमच्या मोजमापाची आहे, आपल्या शरीराची नाही. आपला नमुना आम्ही पुन्हा मोजत आहोत. निकाल फोनवर, मी स्वतः सांगेन. ऋतुजा अ. मगदूम.

तिने फोन केले. एकशे सत्त्याऐंशी बायकांचे आकडे ०.६ च्या खाली आले होते. काही रडल्या, काहींच्या नवऱ्यांनी शिव्या घातल्या. शिरोळची एक बाई फक्त म्हणाली, म्हणजे सहा महिने मी उगाचच निवांत होते होय? बहुतेकींच्या गाठी अजून मोहरीएवढ्याही नव्हत्या. चौघींची गाठ मात्र मधल्या काळात पुढच्या पायरीवर गेली होती. त्या चौघींची नावं आणि गावं ऋतुजाला पाठ झाली.

आत्यांची गाठ वाटाण्याएवढी निघाली. डॉक्टरांनी वयाचा विषय काढला, घरच्यांना विचारून ठरवा म्हणाले. आत्यांनी त्यांना मध्येच अडवलं. माझी जायची वेळ अजून आलेली नाही, ती आली की मला कळेल, तुम्ही तारीख द्या. तिसऱ्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली.


पॅसेज ९. वहीत आणि खरा.

मोजणी संपली. कृत्रिम मानक आलं, थर्माकोलच्या डब्यात, तारखेसकट. जुनी बाटली ऋतुजाने पहिल्याच दिवशी जंतुनाशकात बुडवली होती. उरली होती ती या शेवटच्या कुपीची. तिचं आता कुणालाच काम नव्हतं. सोमवारपासून ऋतुजाचं निलंबन सुरू होणार होतं, आणि तिच्या जागी येणारी मुलगी या बाटलीला जेवू घालणार नव्हती. शुक्रवारी सकाळी कपाट बंद करायचं ठरलं. घरी न्यायचं असेल तर मी पाहिलं नाही असं समजेन, असं डॉ. मुजावर खालच्या आवाजात म्हणाल्या. घरी सदतीस अंश ठेवण्याइतकं काहीतरी जमवता आलं असतं. ऋतुजाने दोन दिवस त्याचा हिशोब केला होता. जुना दुधाचा डबा, माशांच्या टाकीतला हीटर.

गुरुवारी आत्या आल्या. खांद्याला पट्टा, दुसऱ्या हातात काठी. मला बघायचाय, एवढंच म्हणाल्या.

ऋतुजाने बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, स्टूल खाली घेतलं, भिंगाची उंची त्यांच्या डोळ्याला जुळवली. आत्या बराच वेळ वाकून राहिल्या. त्यांच्या श्वासाने भिंगावर वाफ धरत होती.

“हे सगळे तोच?”

“हो.”

“तोंड नाही, डोळे नाहीत.”

“नाहीत.”

“मग गं,” आत्यांनी डोळा न काढता विचारलं, “इतके दिवस आपण दोघी कुणाला जेवू घालत होतो?”

आत्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत. पुढे त्या जे बोलल्या ते हळू, रोजच्या आवाजात, मटकी निवडताना बोलावं तसं. आपल्यात जायची वेळ झाली की माणूस आहार कमी करत जातो. आधी अन्न, मग दूध, मग पाणी. माझ्या सासऱ्यांनी सल्लेखना घेतली तेव्हा मी नवी सून होते. ताट घेऊन रोज जायची आणि दारातून परत यायची. सासूबाई म्हणायच्या, प्रेमापोटी भरवायचं नसतं आता, प्रेमापोटीच थांबायचं असतं. मला तेव्हा त्यांचा राग यायचा.

“त्यांना भूक लागेल, आत्या,” ऋतुजा म्हणाली. आपण काय बोललो हे तिला बोलल्यावर कळलं.

“लागू दे. बस तू त्यांच्याजवळ. आपल्यात एकट्याला सोडत नाहीत.”

त्या दिवशी जेवणाचा तिसरा दिवस होता. ऋतुजाने गुलाबी पाण्याची बाटली फ्रिजमधून काढलीच नाही. आत्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ती परत आत आली आणि सूक्ष्मदर्शकात एकदा पाहिलं. पेशी शेजारी शेजारी होत्या, लांबट, एका दिशेने वाहत गेल्यासारख्या. एकमेकींना टेकून थांबलेल्या. कुणी कुणावर चढलं नव्हतं. तो असाच होता, तिला आठवलं. अंथरुणात नेमका अर्ध्या जागेत झोपायचा, आणि तिने कितीही हातपाय पसरले तरी हलायचा नाही.

ती शुक्रवार सकाळपर्यंत थांबली नाही. बाटली कपाटात ठेवली, दार लावलं आणि बटण बंद केलं. आतला छोटा पंखा घरघरत थांबला. दाराची काच अजून गरम होती. तिने दोन्ही तळहात काचेवर ठेवले. ऊब जायला किती वेळ लागतो हे त्या कपाटाबद्दल कुठल्याच वहीत नोंदलेलं नव्हतं. मोजायचं असतं तर भिंतीवर घड्याळ होतं, तिच्या मनगटावरही होतं.

तिने मोजलं नाही. काच गार होईपर्यंत ती तिथे उभी राहिली.